व्हिडिओ बघताना कळतं, वही उघडली की येत नाही

नमस्कार. गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये एकच विषय परत परत येतोय. शाळेत राहून गेलेलं गणित-विज्ञान आता मोबाइलवरचे फुकटचे व्हिडिओ बघून पुन्हा शिकायचंय, ते कसं? विचारणाऱ्यांत चाळिशीकडे आलेल्या आया आहेत, नोकरी करणारी मुलं आहेत, रिटायर झालेले काका पण आहेत. मला हा विषय फार जवळचा, कारण मी स्वतः बी.ए. झालेली बाई, गणिताशी दहावीनंतर संबंध नव्हता, ४३ व्या वर्षी कामात संख्याशास्त्र लागायला लागलं तेव्हा व्हिडिओ लावून सहावीच्या अपूर्णांकांपासून परत सुरुवात केली, आणि आता सहा वर्षं झाली, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी मी दहावीला बाहेरून बसणाऱ्या बायकांबरोबर गणितं सोडवत बसते. म्हणून या वेळचं सगळं सदर याच प्रश्नांना दिलंय. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न: मी ३४ वर्षांची आहे, घरी शिलाईकाम करते. नववीनंतर शाळा सुटली. आता सतरा नंबरचा फॉर्म (बाहेरून परीक्षेला बसायचा) भरून दहावी द्यायचं ठरवलंय. रोज रात्री सगळे झोपले की दीड-दोन तास गणिताचे व्हिडिओ बघते. सर सांगतात तेव्हा सगळं कळतं, सोपं वाटतं. पण वही घेऊन बसले की पहिल्याच गणिताला अडते. तीन महिने असंच चाललंय. माझं डोकंच नाहीये का गणिताचं? (एक ताई, इचलकरंजी)

ताई, डोकं आहे, आणि ते मी तुम्हाला खाली तुमच्याच कामातून दाखवते. आधी हे सांगते की तुम्हाला जे होतंय ते बघणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला होतं. शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास छापला होता, त्यात लोकांना मायकल जॅक्सनच्या त्या मूनवॉकचा छोटासा व्हिडिओ दाखवला, काहींना एकदाच आणि काहींना वीस वेळा. वीस वेळा बघितलेल्यांना वाटलं की आपल्याला आता बऱ्यापैकी जमेल. प्रत्यक्ष करायला लावल्यावर दोघांचं सारखंच, बघण्याने काही सुधारलं नव्हतं, वाढला होता तो नुसता विश्वास. गणिताचं अगदी तसंच आहे. सर फळ्यावर करतात तेव्हा पुढची पायरी कुठली हे सर ठरवतात आणि आपण मान डोलवतो. वहीत ती पायरी आपल्याला ठरवायची असते आणि तेवढंच काम आपण तीन महिन्यांत एकदाही केलेलं नसतं.

तुम्ही म्हणता दीड-दोन तास बघते. ते अर्ध्या तासावर आणा. खरंच. आठ-दहा मिनिटांचा एकच व्हिडिओ घ्या, वही-पेन्सिल आधी हातात घ्या, मग मोबाइल सुरू करा. सरांनी उदाहरण फळ्यावर लिहिलं की लगेच थांबवा. त्यांनी सोडवायच्या आधी स्वतः सोडवायचा प्रयत्न करा, दोन मिनिटं, तीन मिनिटं, चुकलं तरी चालेल, कुठे अडलं तिथे पेन्सिलीने गोल करा आणि मग पुढे चालू करा. आता सर बोलतील तेव्हा तुम्ही त्या गोलाचं उत्तर शोधत ऐकाल, आणि त्या ऐकण्यात आणि आत्ताच्या ऐकण्यात किती फरक आहे ते तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल. दुसऱ्या दिवशी नवीन व्हिडिओ लावायच्या आधी कोऱ्या पानावर कालचं उदाहरण न बघता परत करायचं. हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर हेच तपासलं होतं, एका गटाने धडा परत परत वाचला, दुसऱ्याने वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आणि तुमची परीक्षा तर काही महिन्यांनी आहे.

आता ते डोक्याचं. आमच्या हॉलमध्ये एक ताई आहेत, त्या पण शिलाईच करतात, त्यांना दीड अधिक पाऊण हे अपूर्णांकात लिहून दिलं, ३/२ + ३/४, तर त्यांनी वर ३ आणि ३ मिळवून सहा केले, खाली २ आणि ४ मिळवून सहा केले आणि उत्तर लिहिलं ६/६. मी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, एका गिऱ्हाइकाचं दीड मीटर अस्तर आणि दुसरीचं पाऊण मीटर, दुकानातून एकूण किती आणाल? एका क्षणात म्हणाल्या, सव्वादोन. कसं काढलं विचारल्यावर म्हणाल्या, "दीड म्हणजे सहा पाव, पाऊण म्हणजे तीन पाव, नऊ पाव झाले, आठ पावाचे दोन मीटर आणि वर एक पाव." ताई, हेच ते. व्हिडिओतले सर ज्याला "छेद समान करून घ्या" म्हणतात ते हेच. दोनाचा छेद चाराचा केला, ३/२ चे ६/४ झाले, त्यात ३/४ मिळवले, ९/४, म्हणजे सव्वादोन. आपल्या भाषेत पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सगळे शब्द रोजच्या तोंडात आहेत आणि तुम्ही ते कापडावर दिवसभर वापरताय. फक्त वहीतली आडवी रेघ आणि तुमची टेप यांची ओळख कुणी करून दिली नाही.

म्हणून दुसरी गोष्ट सांगते ती जरा मनाला लागेल पण ऐका. दहावीच्या व्हिडिओंपासून सुरुवात करू नका. मागे जा. ई-बालभारतीच्या वेबसाइटवर सगळ्या इयत्तांची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, पाचवी-सहावीचं गणित उतरवून घ्या आणि अपूर्णांक, पूर्णांक संख्या, शेकडेवारी एवढं आधी करा. पुस्तकात क्यूआर कोड असतो, तो सरकारच्या दीक्षा ॲपमधून स्कॅन केला की त्याच धड्याचं साहित्य उघडतं, शोधत बसावं लागत नाही. लोकांना वाटतं सहावीचं करायचं म्हणजे सगळी सहावी परत करायची, वर्ष जाईल, पण मोठ्या माणसाला तेवढा वेळ लागत नाही, आमच्याकडच्या बायकांना अपूर्णांकांना दोन-तीन आठवडे लागतात आणि मग पुढचं बीजगणित एकदम हलकं होतं, कारण बीजगणितात अडतं ते बहुतेक वेळा अपूर्णांकातच अडलेलं असतं.

लाज वाटते हे तुम्ही लिहिलेलं नाही पण रात्री सगळे झोपल्यावर बघते म्हणालात त्यावरून मला ते जाणवलं. एक खरी हकिगत सांगते. खान अकॅडमी या फुकट शिकवणाऱ्या साइटची सुरुवात अशी झाली की २००४ साली बॉस्टनला राहणारे साल खान न्यू ऑर्लिन्समधल्या त्यांच्या नात्यातल्या एका बहिणीला गणितात मदत करायला लागले, पोरगी हुशार होती पण एककांच्या रूपांतरात अडली होती. पुढे त्यांनी व्हिडिओ टाकायला सुरुवात केली तर भावंडं म्हणाली, प्रत्यक्ष तुझ्यापेक्षा तुझे व्हिडिओ बरे. का तर थांबवता येतं, परत लावता येतं, मागचं विसरलेलं बघता येतं आणि कुणाला सांगावं लागत नाही. त्या मुलांना जे हवं होतं तेच तुम्हाला हवंय ताई. थांबवा, मागे न्या, दहा वेळा न्या. त्यांची हिंदी साइट आहे आणि तिथे व्हिडिओखाली सराव असतो, उत्तर चुकलं तर लगेच कळतं, तो सराव करा, नुसता व्हिडिओ बघून बंद करू नका.

फॉर्मच्या तारखा दरवर्षी राज्य मंडळाच्या वेबसाइटवर येतात, तिथेच बघा, ऐकीव माहितीवर राहू नका. आणि वेळ कमी पडतोय असं वाटलं तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, हा दुसरा रस्ता आहे, तिथेही दहावी मराठीतून देता येते.

प्रश्न: माझी प्राथमिक शाळा मराठीतून झाली आणि पाचवीला एकदम इंग्लिश मीडियम. तेव्हापासून गणित-विज्ञान पाठ करूनच पास झाले. आता सरकारी नोकरीच्या परीक्षेसाठी बेसिक परत करतेय. मराठीत व्हिडिओ कमी सापडतात, इंग्लिशमधले फास्ट जातात, हिंदीत भरपूर आहेत आणि छान समजावतात. हिंदीतूनच करू का? काही वेळा उलट जास्त गोंधळ होतो. (वय २४, डिचोली, गोवा)

गोंधळ होतोय ना, तो तुझा नाहीये गं, शब्दांचा आहे, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून मी जरा सविस्तर लिहिते.

मराठीत आपण पदार्थाच्या अगदी लहान कणाला अणू म्हणतो, दोन-चार अणू जोडले की रेणू. हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक, मिळून पाण्याचा एक रेणू. हिंदीत ॲटमला परमाणु म्हणतात आणि मॉलिक्यूलला अणु. म्हणजे हिंदी व्हिडिओत सर "पानी का एक अणु" म्हणतात तेव्हा ते आपला रेणू म्हणत असतात! मराठीतून चौथीपर्यंत शिकलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या मुलीच्या कानाला अणू म्हणजे ॲटम. ती तो सगळा व्हिडिओ चुकीच्या चित्राने बघते आणि शेवटी म्हणते मला केमिस्ट्री जमत नाही.

अजून एक याहून फसवं आहे. आपल्याकडे आम्ल (ॲसिड) आणि आम्लारी (बेस) एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं. म्हणजे आपला क्षार म्हणजे सॉल्ट, मीठ त्यातलंच. हिंदीत अम्ल आणि क्षार एकत्र येऊन लवण आणि पानी. त्यांचा क्षार म्हणजे आपल्याकडचा आम्लारी, जो लिटमस निळा करतो तो. एकच शब्द, रिॲक्शनच्या बाणाच्या एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे. परीक्षेत ऑप्शनवाले प्रश्न असतात तिथे हे थेट मार्क घालवतं.

गणितात त्रास कमी आहे पण आहे. अंश दोन्हीकडे अंशच, आपला छेद मात्र तिकडे हर होतो, अपूर्णांकाला ते भिन्न म्हणतात आणि आपल्याला भिन्न म्हणजे वेगळं वाटतं, परिमितीला परिमाप. आणि परत विज्ञानात मूलद्रव्याला तत्व, संयुजेला संयोजकता. लसावि-मसावि हे आपले लाडके शब्द तर हिंदीवाल्यांना कळणारच नाहीत.

तर हिंदीतून कर, जरूर कर, शिकवणारे खरंच चांगले आहेत तिकडे. फक्त एक वही ठेव तीन रकान्यांची, मराठी, हिंदी, इंग्लिश, आणि नवा शब्द आला की व्हिडिओ थांबवून तिन्ही रकाने भरूनच पुढे जा. इंग्लिश रकाना महत्त्वाचा, कारण परीक्षेत पेपर तुझ्यासमोर बहुतेक त्या भाषेत येणार. हे शब्द शोधायचा माझा सोपा मार्ग असा की ई-बालभारतीवरून सातवी-आठवीचं सामान्य विज्ञान मराठी माध्यमाचं आणि इंग्लिश माध्यमाचं अशी दोन्ही पुस्तकं उतरवायची आणि शेजारी शेजारी उघडायची, धडे तेच, क्रम तोच, चित्रं तीच, त्यामुळे जिथे मराठीत संयुजा आहे तिथे इंग्लिशमध्ये काय आहे हे बोट ठेवून सापडतं. गोव्यातल्या तुझ्या शाळेत ही पुस्तकं नसतील, हरकत नाही, डिक्शनरी म्हणून वापर.

आणि इंग्लिश व्हिडिओ फास्ट वाटतात तर सेटिंगमध्ये स्पीड ०.७५ कर, खाली सबटायटल लाव. दोन महिने तीन रकाने भरलेस की स्पीड आपोआप १ वर येईल, कारण फास्ट वाटतं ते बोलणं नसतंच, मधले न कळलेले सहा-सात शब्द असतात.

प्रश्न: मी सगळे लेक्चर २ एक्स स्पीडने बघतो. टाइम वाचतो. चुकीचं आहे का? (इंजिनीअरिंग पहिलं वर्ष, नांदेड)

अरे, उजळणीला बघ की खुशाल. जे आधी एकदा हाताने सोडवलंयस ते परत चाळायला २ एक्स चांगलंच आहे. पहिल्यांदा शिकताना नको. वाचलेला टाइम मोजायचा असेल तर असा मोज की व्हिडिओ संपल्यावर मोबाइल उलटा ठेवून कोऱ्या कागदावर तेच डेरिव्हेशन लिहायला बस. आलं तर २ एक्स ठेव, नाही आलं तर तो टाइम वाचलेला नाही, परत द्यावा लागणार आहे आणि बहुतेक परीक्षेच्या आदल्या रात्री.

प्रश्न: मी ३३ वर्षांचा, डिप्लोमा करून मग डिग्री केली, कंपनीत मेंटेनन्सला आहे. डेटा सायन्समध्ये जायचंय म्हणून एनपीटीईएलवर (आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर) मशीन लर्निंगचा, म्हणजे कॉम्प्युटरला आकडेवारीतून शिकवायचा, १२ आठवड्यांचा कोर्स घेतला. तिसऱ्या आठवड्यात सोडला. परत घेतला, परत तिसऱ्याच आठवड्यात सोडला. आता तिसरी वेळ. मोटिव्हेशन कमी पडतंय. काय करू? (एक वाचक, चिंचवड)

दोन्ही वेळा तिसऱ्याच आठवड्यात सुटलं यावरूनच कळतं की मोटिव्हेशनचा प्रश्न नाहीये. मोटिव्हेशन कमी असतं तर एकदा दुसऱ्या आठवड्यात सुटलं असतं, एकदा सातव्या. दोनदा एकाच दारावर डोकं आपटलं म्हणजे तिथे काहीतरी आहे, आणि माझा अंदाज आहे की तिथे मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचे चौकोनी तक्ते, सुरू होतात. डिप्लोमाला आपण मॅट्रिक्सचे गुणाकार केलेले असतात, आडवी ओळ गुणिले उभी ओळ, बोटं चालतात पण ते कशाचं चित्र आहे हे कुणी दाखवलेलं नसतं.

कोर्स तिसऱ्यांदा घेऊ नका. आधी अडीच-तीन महिने फक्त लिनियर अल्जिब्रा, म्हणजे या मॅट्रिक्सचंच गणित, करा. एमआयटीने २००१ साली जाहीर केलं की आमचे कोर्स सगळ्यांना फुकट, ओपन कोर्सवेअर, आणि तिथे गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनियर अल्जिब्राची लेक्चर्स आहेत. जुनी आहेत, खडू-फळा, चित्र पण फार स्वच्छ नाही. पण हे गृहस्थ साठ वर्षांच्या वर शिकवून २०२३ मध्ये रिटायर झाले, आणि जगभरातली माणसं ही लेक्चर्स अजून बघतायत ते उगाच नाही. पहिल्याच लेक्चरमध्ये ते जे सांगतात तेच तुमचं तिसऱ्या आठवड्याचं दार आहे, म्हणून इथे करूनच दाखवते, कागद घ्या.

एक मॅट्रिक्स लिहा, पहिला उभा कॉलम २, १ आणि दुसरा कॉलम १, ३. त्याला गुणायचंय १, २ या व्हेक्टरने, म्हणजे एकाखाली एक लिहिलेल्या दोन आकड्यांनी. शाळेच्या पद्धतीने आडव्या ओळी घेतल्या तर २ गुणिले १ अधिक १ गुणिले २, झाले ४. खाली १ गुणिले १ अधिक ३ गुणिले २, झाले ७. उत्तर ४, ७. बरोबर आहे पण काही दिसत नाही. आता असं करा, पहिला कॉलम एकदा घ्या, दुसरा कॉलम दोनदा घ्या आणि मिळवा. २, १ मध्ये २, ६ मिळवले, ४, ७. तेच उत्तर! म्हणजे मॅट्रिक्सला व्हेक्टरने गुणणं म्हणजे त्याचे कॉलम कुठला किती घ्यायचा ते सांगून एकत्र करणं, मिक्सिंगचं प्रमाण दिल्यासारखं. हे एकदा डोळ्यांना दिसलं की समीकरणं सोडवणं म्हणजे "हे मिश्रण मिळवायला कुठला कॉलम किती घ्यावा" असा साधा प्रश्न होतो आणि मशीन लर्निंगमधलं निम्मं नोटेशन अंगावर येईनासं होतं. ग्रँट सँडरसन यांचं थ्री ब्लू वन ब्राउन म्हणून चॅनल आहे, तिथे याच गोष्टी हलत्या चित्रांत दाखवल्यात, दहा-पंधरा मिनिटांचे व्हिडिओ, २०१६ ची मालिका. रविवारी ती बघा चित्र मनात बसायला, आणि बाकीच्या दिवसांत स्ट्रँग यांचं, दर दोन दिवसांना एक लेक्चर. कोर्सच्या पानावर प्रॉब्लेम सेट उत्तरांसकट दिलेले आहेत. लेक्चर एखादं राहिलं तर चालेल, प्रॉब्लेम सेट राहू देऊ नका.

मग एनपीटीईएलला परत या, तो फार मोलाचा ठेवा आहे आपल्याकडे, २००३ पासून आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीने मिळून उभा केलेला. कोर्स जानेवारी आणि जुलैला सुरू होतात, शिकणं फुकट, परीक्षेला बसायचं तरच फी. सर्टिफिकेटमध्ये दर आठवड्याच्या असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ असे मार्क धरतात, आणि मला स्वतःला त्या असाइनमेंटच्या तारखेने फार मदत केलेली आहे, कामावरून आल्यावर कंटाळा आला तरी बुधवारी रात्री सबमिट करायचंय हे डोक्यात राहतं. बेस पक्का झाल्यावर ही तारीख तुम्हाला ओढून नेईल. आत्ता नुसती छातीवर बसेल.

आणि एक, परत तीन महिने मागे जातोय असं घरी कुणाला वाटलं तर त्यांना वाटू दे. दोन्ही वेळा पुढे जायचा प्रयत्न करून तुम्ही तिसऱ्या आठवड्यातच आहात.

प्रश्न: वय ६७, बँकेतून निवृत्त. १९७७ साली वडील गेले तेव्हा बी.एस्सी. सोडून नोकरीला लागलो. फिजिक्स मनापासून आवडायचं. आता मोबाइलवर सगळं फुकट मिळतं म्हणतात. मुलगा म्हणतो, बाबा या वयात कशाला, डोळ्यांना त्रास. कानाला जरा कमी ऐकू येतं आणि आमच्या वाडीत नेटवर्क येतंजातं. शिकावं का, आणि कुठून? (एक वाचक, देवगड)

काका, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. हातानी लिहिलेलं पत्र, आणि त्यात समासात एका बाजूला तुम्ही न्यूटनचा दुसरा नियम लिहून त्याखाली "एवढं अजून आठवतंय" असं लिहिलंत. शिकावं का हे मला विचारू नका, सुरू करा.

डोळ्यांसाठी मोबाइल नको, घरात टीव्ही असेल आणि त्यात इंटरनेट चालत असेल तर त्यावर लावा, नातवंडांपैकी कुणीतरी पाच मिनिटांत जोडून देईल. कानासाठी सबटायटल. नेटवर्कसाठी असं करा की ज्या दिवशी येतं त्या दिवशी आठवड्याचे व्हिडिओ डाउनलोड करून ठेवायचे, मोबाइलच्या यूट्यूब ॲपमध्ये बऱ्याच व्हिडिओंखाली ते बटण असतं, मग नेट गेलं की तेवढ्यापुरतं मोबाइलवर बघायचं, अडत नाही.

पुस्तक आधी. बालभारतीचं नववीचं विज्ञान घ्या, त्यातला गतीच्या नियमांचा धडा, मग दहावीच्या पहिल्या भागातलं गुरुत्वाकर्षण. मराठीत आहे, भाषा सोपी आहे, तुम्हाला पंधरा दिवस पुरतील आणि पन्नास वर्षांचा गंज तिथेच उतरेल. त्यानंतर तुमच्यासाठी माझ्या मनात जे आहे ते अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या राममूर्ती शंकर यांचं. मद्रास आयआयटीत शिकलेले, पुढे तिकडे फिजिक्सचे प्राध्यापक झाले, त्यांनी २००६ साली पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवलेला फिजिक्सचा कोर्स जसाच्या तसा रेकॉर्ड करून येलने सगळ्यांना खुला केलाय. २४ लेक्चर्स, प्रत्येक सव्वा तासाच्या आसपास. तुम्ही बी.एस्सी.ला जिथे थांबलात तिथूनच ते सुरू होतात म्हटलं तरी चालेल. त्यात कॅल्क्युलस लागतं, ते आठवत नसेल तर थोडं बाजूला घेऊन करा, घाई कसली आहे. आठवड्याला एक लेक्चर धरलं तर सहा महिने, आणि ते पण थांबवत थांबवत. विद्यापीठाच्या वर्गात जसं बसायला मिळालं असतं तसंच आहे ते, मुलं प्रश्न विचारतात, सर फळा पुसतात, सगळं.

पण नुसतं बघत बसू नका. तुम्हाला प्रयोगशाळा पण अर्धवट सुटलेली आहे ना, ती घरात करता येते. पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत अरविंद गुप्तांनी आणि त्यांच्या टीमने काड्या, झाकणं, फुगे, जुन्या सीडी असल्या वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून त्यांचे छोटे छोटे व्हिडिओ टाकलेत, मराठीत पण आहेत, मिनिट-दोन मिनिटांचे. नातवंडांना बरोबर घेऊन करा.

आणि आज संध्याकाळीच करता येईल असं एक सांगते. एक मजबूत दोरा घ्या आणि एक कुलूप. पडवीत वाशाला खिळा असेल त्याला बांधा, खिळ्यापासून कुलपाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर भरलं पाहिजे, मापून घ्या, इथे दोन बोटांचा फरक पडला तरी उत्तर हलतं. कुलूप थोडंसंच बाजूला नेऊन सोडा, ढकलायचं नाही. जाऊन परत आलं की एक, असे वीस झोके घड्याळ लावून मोजा. चाळीस सेकंदांच्या आसपास येतील. लिहून ठेवा. आता दोरा चतुर्थांश करा, पंचवीस सेंटिमीटर. लांबी चौपट कमी झाली म्हणजे वेळ पण चौपट कमी होईल असं नातवंडं म्हणतील, त्यांना आधी अंदाज लिहायला लावा, दहा सेकंद लिहितील. मग मोजा. वीस येतील, लांबी चौथाई केली तर वेळ निम्मा होतो, वर्गमूळ तिथे झोके घेताना दिसतं. मग कुलपाच्या जागी जड कुलूप लावा, लांबी परत मोजून तेवढीच ठेवा, आणि वीस झोके मोजा.

त्या तिसऱ्या वेळी किती सेकंद आले आणि का, ते मला कळवा. पत्रानेच कळवा, समासात लिहिलंत तरी चालेल.